एक्केचाळिसावी पाळी रिकामीच हवी

दिनांक : ९ एप्रिल

प्रति,
मा. जिल्हा पाणीवाटप अधिकारी,
ऐन झरीफा, दक्षिण ट्युनिशिया.

विषय : पाळी क्र. ४१ पूर्ववत रिकामी ठेवण्याबाबत व दाखल्यावर सही न करण्याबाबत.
संदर्भ : 'श्रीमती रेती' यांच्या नावे आलेली आपली नोटीस, दि. २ एप्रिल.

महोदय,

१. प्रथम आपल्या संगणक शाखेचे श्री. लझहर यांचा लाभ मांडते. आमची पाणीवाटपाची यादी जुन्या संगणकातून नव्या प्रणालीत नेऊन क्रमांक सलग करून दिले, की त्यांची राजधानीत बदली होणार होती. ती झाली. अभिनंदन.

२. आमच्याकडे कालवा एक, खजुराच्या बागा त्रेसष्ट, पाळ्या चौसष्ट. क्र. ४१ पुढे नाव नाही. त्या पाळीत सगळ्या बागांची दारे बंद करून पाणी शेवटापर्यंत मोकळे सोडतात. आधीच्या चाळीस पाळ्यांत साचलेली रेती त्याने धुऊन निघते. माझ्या आजोबांच्या पाणीवाटपाच्या वहीतही ४१ कोराच आहे. नव्या प्रणालीला बिननावाची नोंद चालत नाही. तिने ती वगळली आणि १ ते ६३ असे क्रमांक नव्याने पाडले.

३. मी हरकत घेतली. श्री. लझहर म्हणाले, "मबरूकाताई, मधे रिकामं म्हणजे चूक. यंत्रानं सुधारली, तर आभार माना की!" मी नोंद पुन्हा घातली. नाव सक्तीचे, म्हणून 'रेती' लिहिले. यंत्राने स्वतःच पुढचा क्रमांक दिला : ६४. म्हणजे कुसकुस खाऊन झाल्यावर त्यातले खडे निवडायचे. मधला क्रमांक हाताने देता येत नाही, असे मला सांगण्यात आले.

४. मग आपली नोटीस आली : श्रीमती रेती यांनी ओळखपत्र व दोन छायाचित्रांसह सात दिवसांत हजर राहावे, तोवर त्यांची पाळी स्थगित. भट्टीवर रोटी घ्यायला गेले की बायका विचारतात, "काय गं मबरूका, बाईंचा जन्मदाखला निघाला का?" मी म्हणते, बाई यायला तयार आहेत, फक्त ट्रॅक्टर पाठवा.

५. थट्टा इथे संपते. पाच फेऱ्या कालवा धुतला गेलेला नाही. वळणापुढे गुडघाभर रेती आहे. सर्वांत शेवटची बाग जाझिया मावशींची. त्यांची पाळी पूर्वी ६४ होती, आता ६३ आहे. मार्चपासून त्यांच्या दारात पाणी नाही. डाळिंबाची अकरा रोपे वाळली. मावशी मला म्हणाल्या, "माझा नंबर एकानं पुढं आला म्हणतात. मग पाणी का गं मागं राहिलं?"

६. सबब, नव्या यादीत 'एकही नोंद गहाळ झालेली नाही' या आपण मागितलेल्या दाखल्यावर मी सही करणार नाही. येत्या रविवारपासून पाळ्या आजोबांच्या वहीप्रमाणे चालतील आणि एक्केचाळिसावी रिकामी जाईल. कालव्याच्या मुख्य दाराची किल्ली माझ्याकडे आहे; त्रेसष्ट बागवानांची संमतीही. सही न केल्यास कामावरून काढू, असे आपण कळवले आहे. खुशाल काढावे. माझी जागा रिकामी होईल. ती भरण्याआधी तिथून काय वाहत होते, एवढे मात्र विचारून घ्यावे.

या अर्जावर मात्र आनंदाने सही करणारी,
मबरूका बिन्त सासी
नोंदणी लिपिक, ऐन झरीफा

सोबत :
१. वहीतील क्र. ४१ च्या पानाची प्रत (कोरी आहे, तरी जोडली आहे).
२. श्रीमती रेती, एक पाकीट, समक्ष हजर.
३. हिशेब : श्री. लझहर यांना एक बदली. कार्यालयाला सलग त्रेसष्ट क्रमांक. जाझिया मावशींची अकरा रोपे गेली.