उशिरा केलेली छाटणी

पोल्सबो,
२१ मे

प्रिय बर्निस,

तुझं पत्र पोचलं. आम्ही बरे आहोत. पाऊस आहेच. हार्लनचं खुब्याचं हाड जुळलंय म्हणतात डॉक्टर, पण तो काही खिडकीतली खुर्ची सोडत नाही. तिथूनच काठी दाखवून मला बागेत नाचवतो. "डावीकडे, मॅरिट! अगं, तुझी डावी नव्हे, माझी डावी!" चौतीस जातींचे नेचे लावून ठेवलेत पठ्ठ्याने, हात मात्र माझे.

एप्रिलमध्ये मी महिनाभर तुझ्याकडे येणार होते, त्याचं काय झालं, असं विचारतेस. बॅग भरली होती गं. हार्लन म्हणाला, "जा की. नेचे मरतील, एवढंच." बर्निस, हे नेचे बर्फाखाली मरत नाहीत, ऑगस्टच्या कोरड्यात मरत नाहीत. मी गेले काय नि राहिले काय, त्यांना पत्ताही लागला नसता. तरी मी बॅग रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी छाटणीला बसले. जुनी पानं फेब्रुवारीतच बुडापासून कापायची असतात. यंदा त्याच्या दुखण्यात ते राहून गेलं. एप्रिलपर्यंत आतून नवे कोंब वर येतात, मिटलेल्या मुठींसारखे. मग एकेक पान बाजूला धरून जपून कापावं लागतं. मी मोठी कात्री घेतली आणि सरसकट भादरलं. खिडकीतून त्याला माझी नुसती पाठ दिसत होती.

गेल्या शनिवारी नेचेवाल्यांचं मंडळ बाग बघायला आलं. दर मे महिन्यात येतं. हार्लन वर्षभर त्या एका दिवसाची वाट बघतो. बागेत जिकडेतिकडे खुंट. मुळं शाबूत आहेत, पण पानं आता पुढच्या वर्षीच. मला वाटलं, चारचौघांत माझा उद्धार होणार. तर तो त्यांना म्हणाला, "हिला हल्ली नीट दिसत नाही हो. मीच लक्ष द्यायला हवं होतं." त्याला रडू फुटायचं बाकी होतं. मी मान डोलावली.

आमची ग्रेचेनही तिथेच उभी होती. लेकीने त्याच संध्याकाळी माझ्याकडून गाडीची किल्ली काढून घेतली. "आई, हातातले कोंब दिसत नाहीत तुला, घाटातली वळणं कशी दिसणार?" हार्लन म्हणाला, "बरं झालं. आता घरीच राहा निवांत." दोघंही मायेने बोलत होती. एक मान डोलावून सुटायला गेले आणि स्वतःलाच कोंडून घेतलं.

मला दिसत होते, बर्निस. एकूण एक कोंब दिसत होता. कापताना बरं वाटत होतं, हेही लिहून टाकते.

रविवारी गाडी घेऊन ये. तोवर मी त्याला सांगितलेलं असेल. नसेलच सांगितलं, तर आत ये आणि माझ्यादेखत हे पत्र त्याला वाचून दाखव. मी नको नको म्हणेन. थांबू नकोस.

तुझीच,
मॅरिट