सुरीची मूठ

ओकालोंगो,
फेब्रुवारीतला दुसरा रविवार

चि. नेलागो,

आजीचा आशीर्वाद. बाजरी गुडघ्याला आली, शेळ्या व्याल्या, मी जिवंत आहे. तिकडे विंडहुकात तू आणि बाळ बरी असाल. पोरीचं नाव मला शेजारच्या आउनेकडून कळलं. सख्ख्या पणजीच्या वाट्याला शिळी बातमी.

मरुलाची फळं पडायला लागलीत. सकाळी मोठ्या झाडाखाली पाय ठेवायला जागा नसते. बायका जमतात, शिंगाच्या टोकाने साल फोडतात, रस पिळतात. हातांपेक्षा जिभा जास्त चालतात. तुझ्या जागेवर आउने बसायला गेली, तर मी म्हटलं, "तुझं बूड तिथं मावायचं नाही." माझं मनगट जरा सुजलंय. त्याचं काही नाही.

तुझा बाप तसाच. लग्नाआधी पोर झालं म्हणून "या कुंपणाच्या आत यायचं नाही" म्हणाला, ते शब्द अजून परत घेतलेले नाहीत. पण शहरात राहून विसरली असशील, म्हणून सांगते. मरुलाच्या रसाची दारू, आपली ओमागोंगो, माठात आहे तोवर आपल्यात कुणी भांडण काढत नाही. पुरुष सुरीसुद्धा घरी ठेवतात, मुखिया तंटे ऐकत नाही. दारात येईल त्याला पेला द्यावाच लागतो. तुझ्या बापालाही.

काल तो गोठ्यामागे काहीतरी घासत बसला होता. मी विचारलं, "काय रे इयाम्बो, काय चाललंय?"

"सुरीची मूठ करतोय."

"मूठ अशी टोकदार? धरायची कुठून, ते सुरीला तरी कळेल का?"

"आई, तू तुझी फळं पीळ."

तो पाणी प्यायला गेला तेव्हा मी पाहून आले. वासराचं शिंग आहे, वीतभरही नाही. धरायची बाजू घासून घासून गुळगुळीत केलीय, कोवळा तळवा सोलू नये अशी. तुझं पहिलं शिंगही त्यानेच केलं होतं. एवढ्याशा शिंगाने फळ फोडणारी आपल्या घरात एकच बाई, आणि ती अजून रांगतही नाही.

मी काही बोलले नाही. मला ते किती जड जातं, तुला ठाऊक आहे.

तीनच माठ आहेत आणि पिणारे पुष्कळ. संपायच्या आत ये. पोरीला पाठीला बांधून आण. बापाला काही विचारू नकोस. पेला घे आणि आपल्या जागेवर बस. शिंग तो स्वतः आणून देईल.

मनगट खरंच सुजलंय गं.

तुझी जागा धरून बसलेली,
आजी