नखरेलमधलं बटण

३ मार्च, सोमवार

बटण गेलं! शहाण्यात दिसतं, म्हाताऱ्यात दिसतं, फक्त नखरेलमध्ये नाही. (ही मी ब्राउझरांना ठेवलेली नावं. खरी नावं घेतली की डोकं उठतं.) डोळ्यांच्या दवाखान्याची वेबसाइट — पेशंटने तारीख निवडायची, वेळ निवडायची आणि ‘नक्की करा’ दाबायचं. एवढंच तर आहे! तेच बटण नखरेलमध्ये पानाच्या तळाच्या पट्टीखाली जाऊन बसतं.

साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, “माझ्याकडे तर दिसतंय.” दिसणारच. तुम्ही शहाणा वापरता.

४ मार्च, मंगळवार

सकाळभर बदल करतेय, पान ढिम्म. जेवायच्या सुट्टीत कळलं — ब्राउझरने जपून ठेवलेलं कालचंच पान मी बघत होते! इकडे मी शिव्या घालतेय, तिकडे बदल कधीच झालेले. बरं, त्यातला एकही उपयोगाचा निघाला नाही.

घरी नवऱ्याने विचारलं, “तोंड का उतरलंय?” म्हटलं, बटण. त्याने शर्ट पुढे केला. “माझंही एक तुटलंय.” उशी फेकून मारली.

५ मार्च, बुधवार

अजून नाही. डोळे चुरचुरतायत.

६ मार्च, गुरुवार

दवाखान्यातल्या फोनताई माझ्यासाठी तपासून बघतात. त्या तिथे फोनवर पेशंटांना वेळा देतात आणि त्यांच्या मोबाइलमध्ये नखरेलच आहे. मी काही बदललं की बघून लगेच कळवतात. “नाही गं, अजून लपलेलंच आहे. तू जेवलीस का पण?” मध्येच टेबलावरचा फोन वाजतो. “थांब हं” म्हणतात आणि मला ऐकू येत राहतं — “आजोबा, थेंब डाव्या डोळ्यात. हो, डाव्याच. घाबरू नका.”

७ मार्च, शुक्रवार

दवाखान्यात मीटिंग. डॉक्टर म्हणाले, सगळ्या ब्राउझरांत नीट चाललं की फोनचं टेबल बंद. “तोपर्यंत चालू राहू दे. बाईंना इतक्यात काही बोलू नका.” साहेबांनी मान डोलावली. मीही डोलावली! स्वतःचाच राग येतोय.

बाहेर पडताना फोनताईंनी लांबूनच हात हलवला. मुलगी अजून शिकतेय त्यांची. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

१० मार्च, सोमवार

सापडलं! चार ओळींचं काम. नखरेलमध्ये बटण लख्ख दिसायला लागलं. याच्यासाठी इतके दिवस जीव टाकत होते, आणि दिसलं तेव्हा आठवलं फोनताईंचं टेबल.

ओळी खोडून टाकल्या. साहेबांना सांगितलं, “चूक ब्राउझरमध्येच आहे. आपल्या हातात नाही.” अर्धं खरं आहे ते. चूक नखरेलचीच, माझ्या ओळी म्हणजे नुसती पळवाट. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “एक बटण दिसत नाही तुला?” ऐकून घेतलं.

११ मार्च, मंगळवार

कुणाचं काय अडतंय? ज्यांना बटण दिसत नाही ते फोन करतात, फोनताई उचलतात, वेळ मिळते. मग माझंच मन मला का खातंय?

नवऱ्याला सगळं सांगितलं. या वेळी तो हसला नाही. “किती दिवस लपवणार? आणि त्यांना तरी सांगितलंस का?” मी चिडले, भांडी आपटली.

१२ मार्च, बुधवार

फोनताईंचा फोन आला. “तू माझ्यापासून काही लपवतेस का गं? आवाज बसलाय तुझा. त्या बटणापायी आजारी पडशील, सोड आता.”

सांगायला तोंड उघडलं आणि म्हटलं, सर्दी झालीय.

१३ मार्च, गुरुवार

ठरलं. उद्या त्यांना सरळ सांगायचं — ताई, दुसरीकडे काम बघायला लागा, तोवर मी हे रेटते. डॉक्टर गेले खड्ड्यात. निदान महिना-दोन महिने तरी मिळतील त्यांना.

१४ मार्च, शुक्रवार

मी फोन करायच्या आतच त्यांचा आला. नखरेल आपोआप अपडेट झाली होती. “अगं, दिसलं बटण! दाबलं, वेळसुद्धा नक्की झाली! तशीच धावत जाऊन डॉक्टरांना दाखवलं. म्हटलं, पोरीने फार मेहनत घेतलीय हो.”