ठोका नव्हे, टाका

ती. मावशीस,

इथून वाकून नमस्कार. (खरंच वाकले, पेन टेबलाखाली गेलं होतं.) तुझी नवी कवळी नीट बसली का? मी ठणठणीत आहे. मंगळवारी तुला फोनवर ओरडून जे सांगितलं, त्यात एक किरकोळ दुरुस्ती आहे, म्हणून हे पत्र. काळजी नको, माझी बाजू भक्कम आहे.

माझं काम पुन्हा सांगते, कारण गेल्या वेळी तू मध्येच दार उघडायला उठलीस. फार लांब एखादा भलाथोरला तारा कोसळतो तेव्हा गॅमा किरणांचा भडका उडतो. त्यातून न्यूट्रिनो नावाचे अफाट ऊर्जेचे कण निघत असावेत, असा अंदाज आहे. ते कशालाच दाद देत नाहीत, अख्ख्या डोंगरातून आरपार जातात. क्वचित एखादा बर्फात आपटलाच तर रेडिओ लहरींचा बारीकसा ठोका उठतो. तो टिपायला आम्ही बर्फात अँटेना पुरून बसलोय. उपग्रहाने भडक्याची वेळ कळवली की तेवढ्या वेळच्या नोंदी मी चाळते. सत्तावन्न भडके चाळले, हाती काही नाही. आणि मंगळवारी, अठ्ठावन्नाव्या भडक्यानंतर चाळिसाव्या सेकंदाला, सातही अँटेनांवर ठोका! मी खुर्चीसकट मागे कोसळले, उठून आधी तुला फोन केला (इथेच चुकलं) आणि मग आमच्या प्रमुख बाईंकडे धावले. त्या चहा ढवळत एवढंच म्हणाल्या, "दिशा काढलीस?"

दिशा काढली. ठोका खालच्या बर्फातून नव्हे, आमच्याच वर्कशॉपकडून आला होता. तिथे जाऊन वेल्डरकाकांना विचारलं, अकरा वाजून सात मिनिटांनी काय करत होतात? ते बिचारे एकदम सावध झाले. "टाकीच्या शिडीला टाका मारत होतो. कोणी तक्रार केली का?" मी म्हटलं, तुमचा टाका मला विश्वाच्या टोकाकडून आल्यासारखा वाटला. ते खूश होऊन म्हणाले, "मग काम चांगलंच झालं म्हणायचं!" खात्रीसाठी त्यांच्याकडून आणखी सहा टाके मारून घेतले. सहाही ठोके हुबेहूब जुळले. (शिडी आता हत्तीलाही पेलेल.)

तेव्हा अठ्ठावन्न भडक्यांत मिळून सापडलं ते शून्य. पण मावशी, हे ऐरंगैरं शून्य नव्हे! भडक्यांतून न्यूट्रिनोंचा नुसता पूर येतो म्हणणाऱ्या विद्वानांना आता आकडे खाली आणावे लागतील, आणि ते मी त्यांना लेखी कळवणार आहे. शोधनिबंधावर पहिलं नाव माझं, असं बाईंनी स्वतःहून सांगितलंय.

तुझी,
भाची

ता. क. : हे पत्र आईला मात्र दाखवू नकोस. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पलंग न सोडणारी ती, लेकीला न्यूट्रिनो सापडला हे सांगायला कठडा धरून जिने चढतेय, चौथ्या मजल्यापर्यंत पोचली, असं तूच काल सांगितलंस. म्हणून काल फोनवर खरं सांगायचं मी टाळलं.

ता. क. दुसरा : पुन्हा विचार केला. दाखवच. फक्त तिला एवढं म्हण, की चारही मजल्यांवर चुकीची बातमी गेलीय आणि लेकीची अब्रू सांभाळायची तर दारोदार जाऊन ती दुरुस्त करणं तिलाच भाग आहे.