जबडा शाबूत निघाला

ती. आईस, दंडवत.

मी बरी आहे, हे आधी वाचून घे. उजवा हात गळ्यात बांधलाय, म्हणून अक्षर वेडंवाकडं आलंय. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांकडे गेलीस की नुसतंच तेल चोळतेस?

मंगळवारी आमच्या खोदकामाच्या खड्ड्याची कड ढासळली. आमच्या मुकादमांनी मला ढकलून बाहेर काढलं. ते आतच राहिले.

त्याच सकाळी आम्ही त्यांना सापडलेला जबडा वर आणला होता. उंदराएवढ्या प्राण्याचा, दगड झालेला. प्राण्यांमध्ये दुधाचे दात पडून नवे येणं केव्हा सुरू झालं, ते त्यावरून कळेल. कड ढासळल्यावर आमचे सर म्हणाले, "नशीब, जबडा आधीच निघाला." मला त्यांच्याकडे बघवेना.

काल मुकादमांची बायको प्रयोगशाळेत आली. जबड्याकडे बघत तिनं विचारलं, "हा कसा काढलात?"

"ब्रशनं, सुईनं. अकरा दिवस लागले."

"आणि ह्यांना जेसीबीनं काढलंत."

ती रागावली नव्हती गं. नुसतं विचारत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

बाबांना एवढंच सांग, की मी घसरून पडले.

तुझी,
धाकटी