दोन भावांभोवती एक रेघ

रविवार, ५ ऑक्टोबर. अल रीम
काल सूनबाईचे, सृजनाचे, दोन्ही भाऊ दसऱ्याच्या टिळ्यासाठी आले. नेपाळात हा टिळा वडीलधाऱ्याने लावायचा असतो. इथे आखातात वडीलधारा मीच. दही-तांदळाचा टिळा लावला. इथवर सर्व यथास्थित.

जेवताना देशाचा विषय निघाला. थोरला प्रकाश करामातील एका भारतीय हॉटेलात स्वयंपाकी. त्याचे म्हणणे, मीठ, औषध, गॅस, सारे दक्षिणेकडून येते. भारताशी वाकडे घेऊन कसे चालेल? धाकटा सुमन हमरियात एका चिनी कंपनीच्या गोदामात. थोरल्याला म्हणाला, "दाइ, भारताची सीमा बंद झाली तेव्हा गॅसविना आई ओली लाकडं फुंकत होती. तू इथे एसीत होतास."
"मग जा तुझ्या उत्तरेला, चीनकडे! दर पावसाळ्यात वाहून जातो तो रस्ता."

वडीलकीने मिटवावे असे वाटले. म्हणालो, "अरे, आपस में क्या झगड़ना? नेपाल-भारत तो एक ही है. तुम तो हमारे ही हो."

सुमनने घास ताटात ठेवला. "अंकल, झगड़ा इसी बात का है."
प्रकाश हसला. ते हसणे माझ्या वाक्याहून वाईट. सुमन हात धुऊन निघून गेला.

मंगळवार, ७ ऑक्टो.
सृजना भांडी लावता लावता म्हणाली, "बाबा, तुम्ही वाईट मनाने नाही बोललात." वाक्य निर्दोष. बरे मात्र वाटले नाही.

२३ तारखेला त्यांची भाऊबीज, भाईटीका. भावांना एका रांगेत बसवून बहीण त्यांच्याभोवती तेलाची धार धरते. त्या रेघेच्या आत यम येत नाही, अशी श्रद्धा. रेघ एकच, सर्व भावांना मिळून. प्रकाशने कळवले आहे: सुमन माफी मागेपर्यंत शेजारी बसणार नाही. सुमनचा निरोपही शब्दशः तोच.

शुक्रवार, १० ऑक्टो.
सुमनला क्षमापत्र लिहिले. चार वेळा सुधारले. मुलगा आमोद म्हणाला, "बाबा, व्हॉट्सॲप आहे हो, अर्ज नाही." तरी तसेच पाठवले. उत्तरादाखल जोडलेल्या हातांचे चित्र. बस.

रविवार, १२ ऑक्टो.
आमोदने तोडगा काढला: एकाला दहाला बोलवू, दुसऱ्याला बाराला.
सृजना : "दोन रेघा? मग एकाला आत घेतलं की दुसरा बाहेरच ना?"
नातू नील टॅबवरून मान न उचलता : "बट आजोबा, व्हाय आर दे फायटिंग ओव्हर अदर पीपल्स कंट्रीज?"
चाळीस वर्षे शिकवले. त्याला गृहपाठ कर म्हटले.

रविवार, १९ ऑक्टो.
आमोदला गाडी काढायला लावून हमरियाला गेलो. सुमनने फाटकाबाहेर कडक चहा पाजला.
"अंकल, आपसे नाराज़गी नहीं. मुश्किल ये है कि आपने प्यार से कहा."
"प्यार से ही कहा था."
"वही तो. डाँटते, तो मैं जवाब देता."
येणार का, विचारले. "छुट्टी मिली तो, इन्शाल्ला."


गुरुवार, २३ ऑक्टो.
सकाळी ११.२०. माझ्या खोलीत बसून लिहीत आहे. हॉलमध्ये माझा उपयोग नाही. सृजनाच्या आईने फोनवर मुहूर्त सांगितला आहे, पावणेबाराचा. प्रकाश तासापूर्वीच येऊन चटईवर बसला. सुमनही आला आहे, परंतु खाली, लॉबीत. म्हणतो, दाइने खाली येऊन बोलवावे. प्रकाश म्हणतो, "मी थोरला. मी उतरायचं?" सृजना दोनदा खाली जाऊन आली. एकवीस मजले.

मीच खाली जावे, असे मनात आले. पण तोंड उघडण्याची भीती वाटते.

११.३५. सृजना पुन्हा खाली गेली. या खेपेस तेलाची वाटी घेऊन. रेघ आता खालीच.

११.४०. प्रकाश बहिणीला शोधत दारात येऊन उभा आहे. "अंकल, बहिनी कहाँ गई?"
मला ठाऊक आहे. सांगितले तर तो लिफ्ट धरेल की चप्पल घालून कायमचा निघून जाईल, हे मात्र सांगता येत नाही. पेन खाली ठेवत नाही, एवढेच.
तो पुन्हा विचारतो आहे.