हळदीकुंकू बदकाची सात पिल्लं

अण्णा, आज ड्रॉइंग ऑफिसात माझ्या हाताखालच्या ट्रेसर मुलीने एका आराखड्यातलं माप स्वतःच्या मनाने बदललं. मी तिला सांगितलं, खालच्या कागदावर असेल तेच वर उतरवायचं, आपल्याला पटो न पटो. ती कानडीत 'सरी मॅडम', बरं मॅडम, म्हणून गेली आणि मला दुपारभर काम सुचलं नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हा सांगायला हवं होतं ते आज लिहिते आहे.

बंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या घरून दर रविवारी सकाळी तुम्ही अक्काला सायकलच्या कॅरियरवर बसवून केरेवर, म्हणजे तिथल्या तळ्यावर, पक्षी बघायला जायचात. मी दोन वर्षांनी लहान, बारा वर्षांची. "तू थांब, तुझा हात स्थिर आहे, दुपारी शाई तू करायचीस," असं तुम्ही म्हणायचात आणि मला तो मान वाटावा अशी तुमची अपेक्षा असायची. जन्मभर आराखड्यांच्या बारीक रेघा ओढून तुमचे डोळे अधू झाले होते. म्हणून दुर्बीण अक्काच्या हातात. ती बघणार, बोलणार, तुम्ही पेन्सिलीने वहीत टिपून घेणार. दुपारी मी त्यावर शाई फिरवायची, आणि शाई वाळली की खालची पेन्सिल खोडून टाकायची. तुमच्या कामातला नियम तुम्ही घरीही पाळायचात.

ते बदक मला आधी कागदावरच माहीत झालं. चोच काळी, टोकाला पिवळी, कपाळाशी दोन लाल ठिपके, म्हणून हळदीकुंकू. अंगावरची पिसं खवल्यांसारखी, प्रत्येकाला फिकट कड. पंखात हिरवा पट्टा, पाय शेंदरी. थंडीत बाहेरून येणारी बदकं परत जातात, हे इथेच राहतं. पूर्ण बुडी सहसा मारत नाही. जेवताना अक्का सांगायची, "डोकं पाण्यात, शेपूट वर, आई पिठाच्या डब्यात वाकते ना, तस्संच." आई म्हणायची, "माझं कशाला काढतेस मध्येच?" आणि तुम्ही हसायचात. माझ्या बोलण्याने तुम्ही तसे कधी हसला नाहीत. मी ताटाकडे बघत राहायची.

दिवाळीनंतर केरे भरलेली असताना एका रविवारी तुम्ही दोघं उशिरा परतलात. लव्हाळ्यातून मादी पिल्लं घेऊन बाहेर आली होती. नऊ, अक्का म्हणाली, आणि तुम्ही नऊ असं दोनदा म्हणालात, जणू तुम्हालाही दिसली होती. त्या दुपारी मी शाईने सात लिहिलं. हात अजिबात हलला नाही. वाळल्यावर पेन्सिल खोडली.

पुढच्या रविवारी अक्काने पुन्हा नऊ मोजली. घरी येऊन तुम्ही वही डोळ्यांजवळ धरलीत.

"गेल्या वेळी सात होती."

"नऊच सांगितली होती मी, अण्णा. तुम्ही लिहिलीतही."

"माझ्या लक्षात कसं राहणार? मी वहीवर विसंबतो. पिल्लं कमी होतात, अक्का, घारी नेतात. वाढत नाहीत. बघायचं तर नीट बघावं, नाहीतर सांगू नये."

अक्काने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझा संशय तिला आलाच नाही. ती फक्त म्हणाली, "मग मी नाही येत," आणि खरंच गेली नाही.

कॅरियरवर मी बसले. मी चोख काम केलं. किती जोड्या, किनाऱ्यापासून किती हात, किती वेळ चरली, नराचा आवाज घोगरा, मादीचा मोठा, सगळं सांगितलं. तुम्ही लिहीत होतात. तिसऱ्या की चौथ्या रविवारी तुम्ही पेन्सिल थांबवलीत आणि म्हणालात, "तुझं सगळं बरोबर असतं. पण अक्का सांगायची ना, तेव्हा मला दिसायचं." मी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. समोर एक मादी पंख साफ करत होती. मी तेच सांगितलं, पंख साफ करते आहे, आणि तुम्ही ते लिहिलंत.

उन्हाळ्याआधी तुम्ही गेलात. मधल्या त्या दिवसांत मी केव्हाही सांगू शकले असते. सांगितलं असतं तर रविवार परत तिचे झाले असते, म्हणून नाही सांगितलं. अक्काला नीट बघता येत नाही असं समजूनच तुम्ही गेलात.

तुम्हाला पाठवायचं म्हणजे कुठे पाठवायचं? निदान अक्काला वाचायला द्यावं असं मघाशी वाटलं होतं. देणार नाही. ती थोडी रडेल आणि मला माफ करेल. तिला ते सहज जमतं, आणि तेही तुम्हाला फार आवडलं असतं.